ॲव्हरेज किती देते?

चार मित्र टपरीवर, पारावर किंवा कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत एकत्र आले की बोलणं कुठे वळणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. नवी गाडी ॲव्हरेज किती देते, विहिरीवरची मोटर जळाली ती वाइंडिंगला कोणाकडे टाकली, यंदा जळण काय भावाने पडलं, आज डब्याला काय. बाहेरून ऐकणाऱ्याला यात काही दम वाटत नाही. घरचे याला चकाट्या पिटणं म्हणतात, साहेब कामचुकारपणा म्हणतो, आणि ज्यांना समाजाची काळजी वाहायची सवय आहे त्यांना वाटतं, एवढा वेळ देशाच्या प्रश्नांवर बोलण्यात घातला असता तर काही निष्पन्न तरी झालं असतं. या लेखाचं म्हणणं उलट आहे. गाडी, सरपण, दुरुस्ती आणि जेवण यांच्यावरच्या गप्पा म्हणजे माणसाचा शब्द पारखून घेण्याचं आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि बऱ्यापैकी चोख साधन आहे. कारण या चारही विषयांत बोलणाऱ्याच्या तोंडापलीकडे एक साक्षीदार हजर असतो. गाडी साक्ष देते, चूल देते, दुरुस्त होऊन आलेली मोटर देते आणि डबाही देतो. राजकारण, धर्म किंवा भारतीय संघाची निवड यांच्यावर वाद पेटला की असा साक्षीदार बोलावता येत नाही. तिथे ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी.

अशा बोलण्याची दखल अभ्यासकांनी घेतली आहे, पण अर्धीच. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. त्यानंतर 1923 मध्ये त्याने मांडलं की हवापाणी आणि ख्यालीखुशाली यांच्या बोलण्यात माहिती देणं हा हेतूच नसतो. नुसतं बोलत राहण्यानेच माणसं एकमेकांशी बांधली जातात. ‘काय, जेवण झालं का?’ या प्रश्नाला सविस्तर उत्तर अपेक्षित नसतं हे आपल्यालाही ठाऊक आहे, तेव्हा मॅलिनोव्स्की खोटं बोलत नव्हता. पण गप्पा त्या पहिल्या प्रश्नापाशी थांबत नाहीत. पॉली विस्नर या अभ्यासिकेने कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांच्या संभाषणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. रात्री शेकोटीभोवतीच्या बोलण्यात 81 टक्के वाटा गोष्टींचा होता, आणि चर्चा झाली ती त्याच आकड्याची. शेकोटी आणि गोष्ट हे जोडपंच मोहक. दिवसाच्या बोलण्यात मात्र गोष्टी जेमतेम 6 टक्के होत्या. तिथे सुमारे एक तृतीयांश बोलणं पोटापाण्याचं होतं आणि साधारण तेवढंच तक्रारींचं आणि कुचाळक्यांचं. ज्यांच्याकडे गाडी नाही, गॅरेज नाही, अशा समाजातही दिवसाचा एवढा वाटा या रूक्ष विषयांकडे जातो. नुसतं बांधलेलं राहायचं असतं तर कुठलाही विषय चालला असता. माणसं हेच विषय निवडतात, यालाही काही कारण असणार.

आधी गाडी घेऊ, कारण तिथे पारख सगळ्यात उघड आहे. गाडी किती पेट्रोल खाते याचा अधिकृत आकडा आपल्याकडे मिळतो. पुण्यात 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते आणि जाहिरातीत छापला जाणारा आकडा अशाच प्रमाणित चाचणीतून येतो. ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चढवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या वेळापत्रकाप्रमाणे होते. सगळ्या गाड्यांना एकच माप लावायचं तर दुसरा मार्गही नाही. पण त्या वेळापत्रकात शेतावरचा कच्चा रस्ता नसतो, मागे बसलेली बायको आणि पुढे ठेवलेली खताची गोणी नसते, सिग्नलला दहा मिनिटं घरघरत उभं राहणं नसतं. म्हणून कंपनीचा आकडा सगळ्यांना पाठ असला तरी त्यावर कोणी विसंबत नाही. विसंबतात ते कट्ट्यावरच्या आकड्यावर, आणि तोही कसा काढला हे विचारून. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर टिपून ठेवायचे, पुन्हा तशीच भरायची आणि जेवढं पेट्रोल बसलं त्याने भागायचं, ही एक रीत. गाडी रिझर्व्हला लागली की एकच लिटर टाकायचं आणि पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत किती पळाली ते मोजायचं, ही दुसरी. जो माणूस यातलं काहीच न करता ‘साठच्या खाली येतच नाही’ असं ठोकून देतो, त्याच्यासारखीच गाडी दुसऱ्याकडेही असते, आणि तो पंपावरची पावती खिशातून काढतो. थट्टा होते आणि विषय पुढे जातो. पण त्या दिवसापासून पहिल्या माणसाचा प्रत्येक आकडा ऐकणारे मनातल्या मनात थोडा कापून घेतात. उद्या त्याने एखाद्या जमिनीचा भाव सांगितला तरी ते कापूनच घेतील. गप्पांनी दिलेली खरी माहिती ही आहे. गाडीचं ॲव्हरेज हे निमित्त.

सरपणाची गोष्ट शहरी वाचकाला जुनी वाटेल. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोचले, मग जळणावर बोलायला उरलं काय? भरपूर उरलं आहे. अंघोळीच्या पाण्याची चूल, लग्नाच्या पंगतीचा आचारी, कोल्हापूरकडची गुऱ्हाळं आणि हमरस्त्यावरची ‘चुलीवरचं मटण’वाली हॉटेलं यांना जाळ लागतोच, शिवाय सिलिंडर आहे पण पुन्हा भरायला पैसे नाहीत अशी घरंही कमी नाहीत. लाकूड विकणारा नेहमी वाळलेलंच आहे म्हणतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, तर नीट वाळलेल्या लाकडात ते वीस टक्क्यांच्या आत येतं. वखारीत माल वजनावर मिळतो. म्हणजे शंभर किलो ओलं लाकूड घेणाऱ्याने पन्नास किलोपर्यंत पाणी विकत घेतलं, आणि वर ते पाणी उडवायलाही त्याच लाकडाची आच खर्ची घातली. ही फसवणूक डोळ्यांना चटकन दिसत नाही, म्हणून तिच्या खुणा बोलण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. दोन ढलप्या एकमेकांवर आपटून बघायच्या: वाळलेल्या असतील तर टणक, खणखणीत आवाज येतो, ओल्या असतील तर बद्द. कापलेल्या टोकाला मधोमधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडल्यात का, साल नखाने सुटते का, हातात घेतल्यावर ढलपी दिसते त्यापेक्षा हलकी लागते का, हे पाहायचं. चुलीत घातल्यावर टोकाशी फेस येऊन चुरचुर झाली तर वखारवाल्याचं पितळ उघडं पडलं. बाभळीचा निखारा टिकतो, चिंच कडक तापते, शेवगा नुसता भुरुभुरु जळून जातो. विदर्भातल्या पऱ्हाट्या-तुराट्या पेटवणीला उत्तम पण भाकरी होईस्तोवर पुरत नाहीत. कोकणात नारळाची सोडणं पावसाआधी पडवीत गेली नाहीत तर चार महिने नुसता धूर. ही माहिती शाळेच्या पुस्तकात नाही आणि सरकारी पत्रकातही नाही. ती टिकून आहे ती फक्त बोलण्यात, आणि रोज सकाळी चुलीपुढे तिची परीक्षा होते म्हणून ती बऱ्याच अंशी खरी आहे.

हे खूळ आपल्याकडचंच असं कोणी समजू नये. नॉर्वेत लार्स मिटिंग या लेखकाचं लाकूडफाट्यावरचं पुस्तक 2011 मध्ये आलं आणि तुफान खपलं. मग फेब्रुवारी 2013 मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने जळाऊ लाकडावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, आणि त्यातले कित्येक तास पडद्यावर फक्त जळती शेकोटी होती. पन्नास लाखांच्या देशात सुमारे दहा लाख लोकांनी तो काही ना काही वेळ पाहिला. लाकडं रचताना दाखवली तेव्हा तक्रारींचे संदेश आले. निम्म्यांचं म्हणणं, सालीची बाजू वर ठेवली हे चूक. उरलेल्यांचं म्हणणं, खाली ठेवली हे चूक. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली. पण जिथे हिवाळा सहा महिने बसतो आणि ओलं लाकूड म्हणजे गारठलेलं घर, तिथे साल वर की खाली यावर माणसं भांडणारच.

आता दुरुस्ती. इथे प्रश्न जास्त अवघड आहे आणि म्हणूनच गप्पांची गरज सगळ्यात मोठी. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचा कमी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खटारेच उरतात, असा त्याचा मुद्दा. छापून येण्याआधी दोन नियतकालिकांनी हा निबंध विषय फारच किरकोळ म्हणून परत पाठवला होता. पुढे 2001 मध्ये ॲकरलॉफला नोबेल मिळालं. तेव्हा जुन्या गाड्यांच्या गप्पांना किरकोळ म्हणणाऱ्यांनी जरा जपून राहावं. 1973 मध्ये मायकल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक गाठ दाखवली. काही सेवा अशा असतात की घेऊन झाल्यावरही त्यांची गरज होती का, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. गाडीची दुरुस्ती हे त्यांतलं ठळक उदाहरण. मेस्त्री म्हणाला क्लचप्लेट गेल्या, त्या बदलल्या, गाडी नीट चालू लागली. प्लेटा खरंच गेल्या होत्या की नुसती वायर ताणून भागलं असतं? एकटा माणूस हे जन्मात सांगू शकत नाही. चौघं मिळून सांगू शकतात. ‘मलाही तो प्लेटाच म्हणाला होता, पलीकडच्याने वायर ताणून दिली, दीड वर्ष झालं,’ एवढं एक वाक्य टपरीवर पडलं की ज्याचा निवाडा ग्राहक आयोगातही धड झाला नसता तो चहा संपायच्या आत होतो. चांगल्या मेस्त्रीची कीर्तीही याच वाटेने पसरते. गल्लीतल्या गॅरेजवर पाटी नसते, तरी तिथे रांग असते.

शिवाय खुद्द दुरुस्ती करणाऱ्यांचंही गप्पांवाचून चालत नाही. ज्युलियन ऑर या अभ्यासकाने अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून त्यांचं काम पाहिलं; त्यावरचं त्याचं पुस्तक 1996 मध्ये आलं. कंपनीने प्रत्येक बिघाडासाठी पायरीपायरीने काय करावं हे छापून दिलेलं होतं. प्रत्यक्षात यंत्रं त्या पायऱ्यांप्रमाणे बिघडत नव्हती, आणि तंत्रज्ञ एकमेकांना नाश्त्याच्या, जेवणाच्या टेबलावर सांगितलेल्या किश्शांवर काम निभावून नेत होते. कंपनीला हे उमगल्यावर तिने असे तोडगे साठवून सगळ्यांना पुरवणारी संगणकी व्यवस्था उभी केली. आपल्याकडे बजाज चेतक 1972 मध्ये आली आणि तिच्या मालकांनी हेच काम कंपनीवाचून केलं. स्कूटर सुरू होत नसेल तर ती एका बाजूला कलती करायची, मग सरळ करून किक मारायची. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, तो नसेल तर आगपेटीच्या कडेवर. कलती केल्याने नेमकं काय होतं यावर दहा जणांची दहा मतं असत. पण गाडी सुरू होते की नाही, यावर दोन मतं असूच शकत नव्हती.

जेवणाच्या बोलण्यात पारख वेगळ्या तऱ्हेने चालते. रेसिपीची देवाणघेवाण होते, भाव कळतात, कुठल्या खाणावळीत डाळीत पाणी वाढलंय ते कळतं, हे आहेच. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्या सुना तरून गेल्या, तरी पुरणाला चटका कधी पुरा झाला हे अजून शेजारणीच सांगतात. पण डबा त्याहून मोठी खबर आणतो. रोज पोळीभाजी आणणारा सलग तीन दिवस वडापाववर भागवू लागला की ‘घरी सगळं ठीक ना?’ हा प्रश्न कोणाला मुद्दाम विचारावा लागत नाही. तो ‘ठीक आहे’ म्हणतो आणि डबा नाही म्हणतो. बायको आजारी आहे, पगार थकलाय, भांडण झालंय, यातलं काही तोंडाने न सांगताही मित्रांना समजतं, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी दोन पोळ्या जास्तीच्या आणतो. मागायची लाज आणि द्यायचा उपकार, दोन्ही टळतात.

यावर पहिला आक्षेप बाजूला ठेवता येणार नाही: या गप्पा कोणाच्या? गावचा पार सगळ्यांना कधीच मोकळा नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवावर जो प्रहार केला तो ज्यांना पाराजवळ उभं राहू दिलं नाही त्यांच्या अनुभवातून आला होता. बायकांचंही तसंच. सरपणावर ऐटीत मत देणारे पुरुष, आणि डोक्यावर मोळी आणणारी बाई, हे चित्र अजून पुसलेलं नाही. तिचं लाकडाचं ज्ञान या सगळ्यांहून पक्कं असतं, पण ते रानाच्या वाटेवर आणि पाणवठ्यावर बोललं जातं, टपरीवर नाही. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. फक्त त्याने मूळ म्हणणं खोटं पडत नाही, उलट जड होतं. पारावरच्या गप्पा नुसता टाइमपास असत्या तर तिथून हाकललेल्याचं नुकसान मानापुरतंच झालं असतं. प्रत्यक्षात त्याला बैल कोणाकडून घ्यावा, उसनवारी कोण देतं, कोणाचा शब्द पाळला जातो, हेही कळलं नाही. गावोगावच्या वेगळ्या वस्त्या, वेगळे पार हे या रोजच्या बोलण्याचेही तुकडे होते, आणि त्याची किंमत रोकडी होती.

दुसरा आक्षेप असा की अशा बोलण्यातून थापाही तितक्याच पसरतात. पसरतात, आणि त्यातली एक जीवघेणी आहे: उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंधन वाचतं. कार्ब्युरेटरच्या काळात यात थोडं तथ्य होतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर नव्या दुचाकींमध्येही जवळपास सरसकट फ्युएल इंजेक्शन आलं, चारचाकींत ते त्याआधीच होतं. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक इंजिनांत इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. बचत राहिली बाजूला, इंजिनाचा ब्रेक गेला आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर आला. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहनांचे जे भीषण अपघात झाले, त्यांच्यामागे पोलिसांनी हे कारण वेळोवेळी सांगितलं आहे. मग ही समजूत मरत का नाही? कारण इथे साक्षीदार मुका आहे. एका उतारावर वाचलेले किंवा सांडलेले चार थेंब टाकी भरून मोजता येत नाहीत, आणि ज्याचे ब्रेक निकामी झाले तो सहसा दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर येऊन सांगत नाही. जिथे पारख पोचत नाही तिथे कट्टाही व्हॉट्सॲपइतकाच भोळा असतो, हे मान्य करायलाच हवं.

राहिला यूट्यूबचा मुद्दा. कार्ब्युरेटर कसा साफ करावा हे आता घरबसल्या दिसतं, मेस्त्रीही बघतात, आणि ते चांगलंच आहे. हाताने करायचं काम बघून समजतं तितकं ऐकून समजत नाही. पण व्हिडिओ करणारा उद्या सकाळी त्याच बाकड्यावर आपल्या शेजारी बसत नाही. त्याचा सल्ला फसला तर त्याचं काही जात नाही, मित्राचा फसला तर त्याला आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. या ऐकून घेण्याच्या भीतीनेच माणूस बोलताना आकडा दोनदा तपासतो. आता चेतक 2020 पासून विजेवर आली आहे. तिला प्लग नाही, कलती करून उपयोग नाही, आणि बिघाड बहुधा कंपनीच्या माणसाच्या लॅपटॉपलाच कळतो. तरी बाकड्यावरचा प्रश्न कायम आहे: एका चार्जिंगला खरंच किती पळते, आणि तीन वर्षांनी बॅटरीचं काय होतं? पहिल्याचं कंपनीचं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं आहे, दुसऱ्याची हमी वॉरंटी-पत्रात आहे. गाडी घेण्याआधी दोन्ही वाचा, आणि मग ज्याने ती घेऊन दोन पावसाळे काढलेत अशा माणसाबरोबर बसून चहा प्या. तुमची गाडी जुनी असेल तर तिचा आकडा टाकी भरून एकदा काढा आणि विचारणाऱ्याला तोच सांगा, कमी आला तरी.